एटी दिलं, ओके आलं

“त्यात काय आहे?” इंजिनियर सभेत उभे राहून म्हणाले. “चार एटी कमांड द्यायच्या. ओके आलं की काम झालं.”

शेवटच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सभा जिन्याखाली भरली होती, कारण लिफ्ट बंद होऊन नऊ दिवस झाले होते आणि वरच्यांना उतरायला आणि खालच्यांना न चढायला सोयीची अशी तेवढीच जागा होती. लिफ्टला तसा काही आजार नव्हता. पण आत अडकलेल्या माणसाने लाल बटण दाबलं की बाहेर फोन लागला पाहिजे असा नियम आहे, आणि तो फोन लावणारा मोडेम जळला होता. कंपनीने नवा मोडेम खोक्यात घालून लगेच पाठवला. तो जुळवून देणारा माणूस मात्र पंधरा दिवसांनी पाठवते म्हणाली. फोन लागल्याशिवाय तपासनीस शिक्का मारणार नव्हता, आणि शिक्क्याशिवाय कुणी लिफ्टमध्ये पाऊल टाकू नये असा कागद दारावर चिकटवलेला होता.

एरवी लोकांनी पंधरा दिवस जिना चढून पोटं कमी केली असती. पण चौथ्या मजल्यावर बाई राहत. बाई म्हणजे गाण्याच्या शिक्षिका, एकट्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, जिना उतरायला सक्त मनाई. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती शुक्रवारची, सकाळी नऊची. चार महिने थांबल्यावर मिळालेली. ती चुकली की पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. बाईंना एका डोळ्याने दिसणं कधीच बंद झालं होतं आणि दुसऱ्याने इतपतच दिसे, की समोरचा माणूस बोलेपर्यंत त्या वाट बघत आणि मग त्याला नावाने हाक मारत.

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर इमारतीचे अध्यक्ष होते. त्यांनी सुचवलं होतं, की बाईंना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणावं. हा निरोप वर गेला आणि वरून उत्तर आलं, “चौघांनी उचलून न्यायची वेळ माझी अजून आलेली नाही. ती आली की मी कळवीन.” त्यानंतर खुर्चीचा विषय कुणी काढला नाही. तपासनीस गुरुवारी दुपारी चार वाजता येणार होता. गुरुवार हुकला तर पुढला महिना. म्हणजे गुरुवारच्या आत मोडेम बोलता व्हायला हवा होता, आणि म्हणून सगळ्यांच्या माना आपोआप इंजिनियरांकडे वळल्या होत्या.

आता इंजिनियरांविषयी. ते इंजिनियर नव्हते.

बत्तीस वर्षं ते टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात लेखनिक होते. तक्रार आली की वहीत उतरवायची. तंत्रज्ञ काम करून परत आला, की तो सांगेल ते पुढच्या रकान्यात लिहायचं: ‘एटी दिलं. ओके आलं. तक्रार बंद.’ हे वाक्य त्यांनी हजारो वेळा अतिशय देखण्या अक्षरात लिहिलं होतं. एटी म्हणजे काय, ते कुणाला देतात, ओके येतं ते कुठून येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. निवृत्त होऊन ते या इमारतीत राहायला आले त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “कुठे होतात?” ते म्हणाले, “टेलिफोन खात्यात.” डॉक्टर म्हणाले, “वा! म्हणजे इंजिनियर!” तेव्हा त्यांच्या तोंडात नेमका चहाचा घोट होता. तो गिळेपर्यंत डॉक्टरांनी शेजारच्या चार जणांना हाका मारून ही बातमी सांगितली होती. नाही म्हणायचं ते त्या घोटामुळे राहिलं, आणि मग अकरा वर्षं राहिलंच.

अकरा वर्षांत त्यांनी निभावून नेलं होतं. कुणाची बेल वाजत नसली की ते जात, झाकण उघडत, आत फुंकर मारत आणि “गंज आहे” म्हणत. निम्म्या बेला फुंकरीने वाजतात. उरलेल्या निम्म्यांना ते “बदलावी लागेल” म्हणत, आणि तेही खरंच असे. डॉक्टरांच्या दवाखान्यात तर त्यांनी एकदा रुग्णाच्या खुर्चीच्या वायरींनाही हात घातला होता. हे सगळं त्यांच्या बायकोला माहीत होतं. ती बोलत नसे. फक्त कुणी तिला “इंजिनियरवहिनी” म्हणून हाक मारली, की ती एकदा नवऱ्याकडे बघायची आणि मग वळायची. ते बघणं त्यांना फार लागे.

बुधवारी दुपारी लिफ्टचा मेकॅनिक मोडेमचं खोकं, एक केबल आणि एक पुस्तिका घेऊन इंजिनियरांच्या घरी आला. मेकॅनिक कमी बोलणारा माणूस होता. जे बोलायचं ते हात पुसत बोलायचा.

“लिफ्टचं पॅनेल जुनं आहे,” तो म्हणाला. “ते नऊ हजार सहाशेच्या वेगानं बोलतं. हा नवा मोडेम बोलतो एक लाख पंधरा हजार दोनशेनं. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही. मोडेमचा पोर्ट नऊ हजार सहाशेवर आणला की झालं. पण ते माझं काम नाही. मी दोर, ब्रेक आणि दरवाजे.”

“हळू बोलणाऱ्यापुढे भरभर बोलून काय उपयोग?” इंजिनियरांची बायको चहा ठेवत म्हणाली. “एवढं तर मलाही कळलं.”

मेकॅनिकने एक छापील फॉर्मही पुढे केला. तपासनिसाचा फॉर्म होता. त्यात ‘दूरध्वनी यंत्रणेची तपासणी करणारा सक्षम अभियंता’ असं लिहून पुढे सहीला जागा सोडलेली होती. इंजिनियरांनी पेन उघडलं, जरा थांबले, बायको स्वयंपाकघरात गेली आहे ना ते बघून घेतलं आणि सही केली. सही नेहमीसारखीच सुरेख आली.

मुलीने घरी ठेवलेला जुना लॅपटॉप त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला. केबलचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं मोडेमला. पुस्तिकेत सांगितलेला काळ्या पडद्याचा प्रोग्राम उघडला आणि त्यांनी एका बोटाने ‘एटी’ ही दोन अक्षरं टाकून एंटर दाबलं. पडद्यावर खालच्या ओळीत अक्षरं उमटली: ओके.

इंजिनियर खुर्चीतून उठून उभेच राहिले. बत्तीस वर्षं जे दुसऱ्यांना आलेलं लिहून घेतलं, ते आज स्वतःला आलं होतं. त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं. पुन्हा एटी दिलं, पुन्हा ओके आलं. तिने विचारलं, “मग झालं का काम?” ते म्हणाले, “अगं, ही नुसती ओळख झाली.” त्यांना अगदी भरून आलं होतं.

पुस्तिकेत पहिली कमांड होती एटी-ई-शून्य. तिने काय होतं ते पुढच्या पानावर लिहिलं होतं, पण इंजिनियर शिस्तीचे. पान संपल्याशिवाय उलटायचं नाही. त्यांनी ती दिली. ओके आलं. आणि त्यानंतर त्यांनी टाइप केलेलं काहीच पडद्यावर दिसेना. बोट आपटत होतं, पडदा कोरा तो कोराच.

एवढ्यात डॉक्टर प्रगती बघायला आले. “कीबोर्डात कचरा असणार,” त्यांनी निदान केलं आणि आपल्या दवाखान्यात जाऊन दाताच्या फटीत घालायची आकडी घेऊन आले. पंधरा मिनिटं त्यांनी एकेक कळ कोरली. एक कळ उपटून हातात आली, तेव्हा ते म्हणाले, “ही हलतच होती,” आणि दुसऱ्या रुग्णाची वेळ झाल्याचं सांगून निघून गेले. मग इंजिनियरांनी पान उलटलं. तिथे लिहिलं होतं, की या कमांडनंतर आपण टाइप केलेलं दिसत नाही, घाबरू नये. उपटलेली कळ ‘एच’ची होती. ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

पुढची कमांड, एटी-एस-शून्य बरोबर एक. एक रिंग होताच मोडेम स्वतःहून फोन उचलेल, असं तिचं वर्णन होतं. इंजिनियरांना हे सभ्यपणाचं वाटलं. लिफ्टला कुणी फोन केला तर उचलायला नको? त्यांनी ती दिली. ओके आलं. लगेच त्यांनी एटी-अँड-डब्ल्यू देऊन ते कायमचं जतन केलं, कारण नोंद ताबडतोब करावी हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. आणि मग शेवटी, सगळ्यात महत्त्वाची, पोर्टचा वेग ठरवणारी: एटी अधिक आयपीआर बरोबर नऊ हजार सहाशे.

ओके आलं.

इथे खरा तंत्रज्ञ थांबला असता. मोडेम आता हळू बोलू लागला, तर आपला लॅपटॉपही हळू करावा, पुन्हा एटी देऊन बघावं आणि मग हा नवा वेग जतन करावा, असा त्याने विचार केला असता. पण इंजिनियरांच्या वहीत ओकेच्या पुढे एकच गोष्ट येत असे, ‘तक्रार बंद’. त्यांनी वायर उपटली, मोडेम खोक्यात घातला, खोक्यावर तारीख-वेळ घातली आणि मेकॅनिकला बोलावून सुपूर्द केला. वायर उपटताक्षणी मोडेम जतन न केलेलं सगळं विसरला आणि पूर्वीइतकाच भरभर बोलायला मोकळा झाला. फोन आपोआप उचलायची सवय तेवढी त्याने पक्की लक्षात ठेवली.

त्या संध्याकाळी इंजिनियर जिन्यात ज्याला त्याला “झालं हो” सांगत होते. बाईंना सांगायला ते मुद्दाम चार मजले चढून गेले. बाईंनी आवाजावरून ओळखलं. “झालं म्हणता? मग मी पिशवी भरायला घेते,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मेकॅनिकचा फोन आला. “साहेब, मोडेम बसवला. बटण दाबलं. काही लागत नाही. लिफ्ट चौथ्यावर उभी करून ठेवलीय, दार उघडं आहे. मी दोरांना तेल देऊन येतो. तोवर तुम्ही बघा.”

चारला तपासनीस. इंजिनियरांनी पुस्तिका उलटी-सुलटी चाळली. मग मोडेम जिवंत तरी आहे का बघावं म्हणून स्वतःच्या मोबाईलवरून मोडेमच्या नंबरला फोन लावला आणि नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून मोबाईल टेबलावर ठेवला. एक रिंग झाली. मग शांत. नुसती घूं घूं.

“मेला,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. फोन लागला आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. कुणी ‘हॅलो’ म्हटलं नाही म्हणजे कुणी उचलला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

“आता काय करणार?” बायकोने विचारलं.

हा प्रश्न तिने अगदी साधेपणाने विचारला. पण त्यांच्या आत अकरा वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते या प्रश्नाने वर आलं.

“काय करणार म्हणजे? मला काय येतंय?” ते ओरडले. “मी काय इंजिनियर आहे? लेखनिक आहे मी! वही भरणारा! तो तुमचा डॉक्टर, दाताशिवाय एक गोष्ट कळत नाही त्याला, त्याने मला इंजिनियर केला आणि सगळ्या मूर्खांनी माना डोलावल्या. आणि मला पुढे ढकलतायत! आणि एवढा जीव टाकतायत कशासाठी? बाईंच्या डोळ्यासाठी! चार महिने थांबल्या, आणखी चार थांबल्या तर काय आभाळ कोसळणार आहे? या वयात त्यांना बघायचंय तरी काय? समोरची भिंतच ना?”

“अहो,” बायको म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “असं बोलू नये कुणाबद्दल.”

“का बोलू नये? कोण ऐकतंय?”

टेबलावरच्या मोबाईलमधून कुणीतरी घसा खाकरला.

तो खाकरा सगळी इमारत ओळखत होती. तीस वर्षं गाणं शिकवणाऱ्या माणसाने सूर लावायच्या आधी करायचा तसा, दोनदा, स्वच्छ.

“इंजिनियरसाहेब,” बाईंचा आवाज आला. “तुमचा फोन चालू आहे बरं का. लिफ्टमधून ऐकू येतंय.”

इंजिनियर उठले, बसले, पुन्हा उठले.

“बाई... तुम्ही... तुम्ही तिथे...?”

“लिफ्ट आलीय म्हणाला मेकॅनिक, म्हणून दारापाशी खुर्ची घेऊन बसले. आत्ताच आले हो. मी काही ऐकलं नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आपलं काम करा. चार वाजतील.”

इंजिनियरांनी फोन बंद केला. नळ थेंब थेंब गळत होता, तोही आज आपल्यालाच बोलतोय असं त्यांना वाटलं.

“ऐकलं नाही म्हणाल्या त्या,” ते पुटपुटले.

“अहो, ‘समोरची भिंत’ म्हणालात तेव्हा इथे खिडकीच्या काचा हलल्या,” बायको म्हणाली. “वर जा आता.”

“कसा जाऊ मी वर?”

“पायांनी. लिफ्ट बंद आहे.”

माणसाला धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं तेव्हा नेमकं त्याला वरच्या मजल्यावर जायचं असतं. मोडेम होता गच्चीवरच्या मशीनघरात, आणि तिथे जायला चौथा मजला ओलांडल्याशिवाय रस्ता नव्हता. लॅपटॉप छातीशी धरून, केबल गळ्यात टाकून इंजिनियर जिना चढले. चौथ्या मजल्यावर बाई लिफ्टच्या उघड्या दारासमोर खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मांडीवर पिशवी होती. डोळे समोर लागलेले होते, आणि समोर खरोखरच भिंत होती. इंजिनियरांनी चपला हातात घेतल्या आणि भिंतीला चिकटून, श्वास रोखून पुढे सरकू लागले. आपण दिसत तर नाहीच, निदान ऐकू तरी जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

“वरच्या पायऱ्या उंच आहेत,” बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. “सावकाश.”

मशीनघरात मेकॅनिक हात पुसत उभा होता. इंजिनियरांनी खोक्यावरच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ बासरी वाजली आणि मग एका मुलीने उचलला.

“आपली तक्रार मी नोंदवून घेते,” मुलगी म्हणाली. “तंत्रज्ञ लवकरात लवकर आपल्याशी संपर्क साधतील.”

हे वाक्य इंजिनियरांनी स्वतः बत्तीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. त्याचा अर्थ काय होतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या बत्तीस वर्षांत पलीकडे कितीजणांचं काय काय अडलं असेल, हे त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं आणि त्यांना आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

“बाळ, नोंदवू नकोस,” ते म्हणाले. “नोंदवलंस की संपलं. माझ्याकडे पंचवीस मिनिटं आहेत. मला सांग.”

“आपण अभियंता आहात का?” मुलीने विचारलं. “अभियंत्यांना मी तांत्रिक पुस्तिका पाठवते. तीनशे वीस पानं आहेत.”

मेकॅनिक शेजारीच होता. इंजिनियरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खाली तेलाच्या डबड्याकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “मी लेखनिक. मला यातलं काही येत नाही. मी काय काय केलं ते ओळीने सांगतो, काही लपवत नाही. त्यात माझी चूक कुठे झाली ते तू सांग.”

आणि त्यांनी सांगितलं. तारखेसकट, वेळेसकट, एकही पायरी न गाळता. उपटलेली कळसुद्धा सांगितली. मुलीने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी ती म्हणाली, “काका, इतकी नीट तक्रार मला आजवर कुणी दिली नाही.” तिने हे कौतुकाने म्हटलं होतं, पण इंजिनियरांचे डोळे उगाच भरून आले.

“तुम्ही वेग बदललात, ओके आलं, इथपर्यंत बरोबर,” ती म्हणाली. “पण ते ओके जुन्या वेगाचं होतं. त्यानंतर तुमच्या लॅपटॉपच्या वेगाचा आकडा बदलून पुन्हा विचारायला हवं होतं. आणि जतन केलंच नाहीत.”

“म्हणजे ओके आलं तरी काम झालेलं नसतं?”

“पुन्हा विचारल्याशिवाय कसं कळणार, काका?”

बत्तीस वर्षांच्या वह्या इंजिनियरांच्या डोळ्यांपुढून पानापानाने सरकल्या. “आधी ते आपोआप फोन उचलणं बंद कसं करायचं ते सांग,” ते एवढंच म्हणाले. “सगळ्यात आधी ते.”

ते बंद झालं. मग वेग बदलला. ओके आलं. लॅपटॉपचा आकडा नऊ हजार सहाशे केला, पुन्हा एटी दिलं, पुन्हा ओके. जतन केलं. मोडेम बंद करून चालू केला आणि तिसऱ्यांदा विचारलं. तरीही ओके. मेकॅनिकने केबल काढून पॅनेलची जोडली आणि खाली चौथ्यावर जाऊन लाल बटण दाबलं. इंजिनियरांचा मोबाईल त्यांच्या हातात वाजला. लाल बटण दाबलं की लागायचा नंबर म्हणून इमारतीने त्यांचाच दिलेला होता.

चारला तपासनीस आला, सोबत डॉक्टर. तपासनिसाने बटण दाबलं, फोन लागला, तो बंदही झाला. मग त्याने फॉर्म मागितला. मेकॅनिकने खिशातून घडी केलेला फॉर्म काढून दिला. इंजिनियरांची सही एका सरळ रेघेने खोडलेली होती आणि खाली तेलकट बोटांच्या ठशासकट दुसरी सही होती, परवाना क्रमांकासह.

“ही कुणाची?” तपासनिसाने विचारलं.

“माझी. परवाना आहे माझा,” मेकॅनिक म्हणाला. “आणि आधीची चुकून झाली.” तो इंजिनियरांकडे बघायचं टाळत होता, आणि इंजिनियरांना ते टाळणंही सोसवत नव्हतं. शिक्का बसला. डॉक्टरांनी इंजिनियरांची पाठ थोपटली आणि जिन्यात ओरडून सगळ्यांना सांगितलं, “इंजिनियरने करून दाखवलं!”

शुक्रवारी सकाळी बाई लिफ्टने खाली आल्या. डॉक्टरांची गाडी होती, पण सोबत कुणीतरी हवं, सही करायला, थांबायला. बाई म्हणाल्या, “इंजिनियरसाहेब येतील.” इंजिनियर रात्रभर झोपले नव्हते. नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून आले.

डोळ्यांच्या दवाखान्यात काचेच्या खिडकीमागे एक तरुणी संगणकावर माहिती भरत होती. मागे रांग होती. रांगेशेजारी बाकावर बाई होत्या, त्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, पापण्या मिटलेल्या. त्यांच्या बाजूला डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होते.

“रुग्णाशी नातं?”

“शेजारी.”

“व्यवसाय?”

इंजिनियरांनी बाकाकडे पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते, आणि त्या कानांविषयी आता त्यांना काहीच शंका उरली नव्हती.

“लेखनिक,” ते हळूच म्हणाले.

“ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने.”

“लेखनिक होतो.”

“काच आहे हो मध्ये. जोरात बोला!”

“लेखनिक!” इंजिनियर ओरडले. “टेलिफोन खातं, तक्रार विभाग! निवृत्त! इंजिनियर नव्हे!”

सगळा दवाखाना वळून बघू लागला. एका रडणाऱ्या मुलाने रडणं थांबवलं. काचेमागची तरुणी म्हणाली, “इंजिनियर मी विचारलंच नव्हतं,” आणि टाइप करू लागली.

डॉक्टरांच्या हातातलं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. त्यांनी ते घडी करून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “माझ्या दवाखान्यातली ती खुर्ची... तिच्या वायरी तुम्हीच जोडल्या होत्या ना?”

“हो.”

“रोज दहा माणसं बसतात त्यात.”

“उद्या कुणा जाणकाराला बोलावून तपासून घ्या,” इंजिनियर म्हणाले. डॉक्टर उद्यापर्यंत थांबले नाहीत. ते उठले, गाडीची किल्ली चाचपली आणि जवळजवळ धावतच बाहेर पडले.

इंजिनियर बाकावर बाईंच्या शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

“बाई,” ते म्हणाले, “काल मी घरात जे बोललो...”

“ऐकलं मी,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

“तुम्ही तर म्हणालात, काही ऐकलं नाही.”

“अक्षर न् अक्षर ऐकलं. लिफ्टमध्ये आवाज फार सुरेख येतो.”

इंजिनियरांची मान खाली गेली. “मग तसं का म्हणालात?”

“चार वाजत आले होते,” बाई म्हणाल्या. “ऐकलं म्हणाले असते तर तुम्ही लाजून दार लावून बसला असतात. मग वर मोडेमपाशी कोण गेलं असतं? आणि मी आज इथे कशी आले असते? मला भिंत बघायची होती हो. किती दिवसांत स्पष्ट बघितली नाही.”

तेवढ्यात नर्सने बाईंचं नाव पुकारलं. बाईंनी चष्मा काढून इंजिनियरांच्या हातात दिला आणि नर्सचा हात धरून उठल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

“आत पाऊण तास लागतो म्हणे,” त्या म्हणाल्या. “आता काही घाई नाही. आता लाजा.”

दार बंद झालं. बाईंचा चष्मा दोन्ही हातांत धरून इंजिनियर तिथे पाऊण तास बसले, आणि एक मिनिटही वाया न घालवता लाजले.